खरा पटर आणि घासायचा पटर

रत्नागिरी शहर संपून कातळ सुरू होतो तिथे सहा होलांचं एक गोल्फ मैदान आहे. मूळ बेत अठरा होलांचा होता. पण जांभ्यात खड्डा पाडणं म्हणजे काय, हे पहिल्या सहा खड्ड्यांतच सगळ्यांना कळलं, आणि सहा होल हेच प्रकृतीला मानवतात असा ठराव सभासदांनी एकमताने करून टाकला. पावसात मैदान हिरवंगार असतं, तेव्हा पावसामुळे खेळता येत नाही. पाऊस गेला की गवत वाळून कातळ उघडा पडतो, तेव्हा कातळामुळे खेळता येत नाही. उरलेल्या काळात खेळ जोरात चालतो.

लांबचा फटका तिथे कोणी मारत नाही. बॉल एकदा कातळावर आपटला की टुण्णकन उडून शेजारच्या काजूच्या बागेत जातो, आणि बागवाला तो परत देत नाही. त्याच्या मुलांकडे शहरातल्या कुठल्याही दुकानात नसतील इतके बॉल आहेत. त्यामुळे खेळ राहिला तो शेवटच्या पाच-दहा पावलांचा. होलाच्या भोवती तेलात कालवून चोपलेली वाळू असते. तिच्यावरून बॉल हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा. त्या कामाला जी काठी लागते ती पटर.

आता समुद्रकाठी लोखंडाचं काय होतं हे कोणाला सांगायला नको. खारा वारा आठवडाभरात कुठल्याही धातूला चहाचा रंग आणतो. म्हणून या क्लबात खेळापेक्षा पटर जपण्याचं शास्त्र फार पुढे गेलं. निवृत्त हेडमास्तर प्रथमेश साळवी आपला पटर तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवत, कारण तांदूळ ओल ओढून घेतो. त्यांच्या घरी भात शिजवायचा तर आधी पटर हलवायची परवानगी घ्यावी लागे. हार्डवेअरवाले हितेशभाई पटराला बायकोच्या पैठणीच्या मलमलीत गुंडाळत. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत असे. पटर इतर काठ्यांबरोबर पिशवीत टाकायचा नाही, एकमेकांवर आपटून टवके जातात. पटरावर रेलून उभं राहायचं नाही, दांडा वाकतो. होलातून बॉल काढायला पटर वापरायचा नाही, आणि नेम चुकला तरी रागाने जमिनीवर हाणायचा नाही. राग घरी नेऊन काढायचा. डोक्यावर मऊ अस्तराचं कव्हर, ज्याला क्लबात टोपरं म्हणतात, ते हवंच. गाडीत पटर पुढच्या सीटवर, पट्टा लावून. सौभाग्यवती मागे.

या सगळ्या शास्त्राचा शेवटचा टप्पा असा की प्रत्येकाकडे दोन पटर झाले. एक खरा आणि एक घासायचा. खेळायचं ते घासायच्याने. खऱ्याचं टोपरं काढायचं, सगळ्यांना दाखवायचं, पुसायचं आणि परत घालायचं. खऱ्या पटराने कधी बॉलला शिवायचं नाही.

हर्षद मयेकर या क्लबाचे कप्तान. तीन पिढ्या होड्यांच्या, चौथी बर्फाची. मिरकरवाड्यात, मासळीच्या बंदरावर, त्यांचा बर्फाचा कारखाना होता, तो पुतण्याकडे सोपवून ते साठीला गोल्फकडे वळले होते. त्यांचा खरा पटर स्कॉटलंडचा. मुलगी वेदिका कंपनीच्या कामाला तिकडे गेली होती, तिने आणला. एका अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरलेला, तळाला आरशासारखा. मयेकरांनी तो बेडरूमच्या कपाटात ठेवला, आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ओल शोषायच्या पुड्या जमवून त्याच्याभोवती रचल्या. त्यासाठी त्यांनी गरजेपेक्षा बरेच जास्त बूट विकत घेतले. दोन वर्षांत त्या पटरावर साधा श्वासही पडला नव्हता. कपाटाशी गेले की मयेकर तोंड बाजूला करून बोलत.

वेदिकाचं लग्न तिने स्वतःच पुण्यात जमवलं. मुलगा चिराग शितोळे, तिच्याच कंपनीतला. मुलगा चांगला, घर चांगलं, कोणाची काही तक्रार नाही. अडलं ते एकाच गोष्टीवर, लग्न कुठे. शितोळ्यांना पुण्यातलं कार्यालय हवं होतं. मयेकरांना आपलं अंगण. त्याला कारण होतं. मयेकरांची आत्या येसूबाई. आई लवकर गेल्यावर हिनेच हर्षदला वाढवलं, आणि पुढे बायको रेणुका बँकेत जायची तेव्हा वेदिकालाही हिनेच मांडीवर घेतलं. म्हातारीला गाडी लागते. शहराबाहेर हायवे लागतो त्या हातखंब्यापर्यंत कशीबशी तग धरते, त्याच्यापुढे तिला नेणं म्हणजे तिच्याशी वैर करणं. लग्न पुण्यात झालं तर येसूआत्याला ते दिसणार नव्हतं, एवढी साधी गोष्ट.

ही साधी गोष्ट मयेकरांनी व्याह्यांना साध्या शब्दांत सांगितली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण फोनवर बोलता बोलता दोघंही गोल्फ खेळतात असं निघालं.

"तुम्ही कुठला पटर वापरता?" अविनाश शितोळ्यांनी विचारलं.

मयेकरांनी सांगितला.

"वापरता?" शितोळे म्हणाले.

"म्हणजे काय. वापरायलाच असतो ना."

हे वाक्य कसं तोंडातून गेलं ते मयेकरांनाही कळलं नाही. शितोळे खूश झाले. म्हणाले, असं करू मयेकरसाहेब, आम्ही बैठकीला रत्नागिरीला येतोच आहोत. तुमच्याच मैदानावर तीन होल खेळू. जो जास्त होल जिंकेल त्याच्या गावात लग्न. मात्र ज्याने त्याने आपल्या खऱ्या पटराने खेळायचं, मध्ये बदलायचा नाही.

"खऱ्या पटराने," मयेकर म्हणाले.

फोन ठेवल्यावर रेणुका म्हणाली, "लग्नाचं ठिकाण काठीने ठरवणार तुम्ही?"

"काठी नाही ती."

"बरं. मग कशाने ठरवणार?"

मयेकर कपाटाकडे गेले.

पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. उघड्या कातळावर, खाऱ्या वाऱ्यात, खरा पटर तासभर बाहेर राहणार. मयेकरांनी खोबरेल तेलाचा विचार केला, पण ते थंडीत गोठतं. मशीनचं तेल हितेशभाईंनी देऊ केलं, ते मयेकरांना स्कॉटलंडचा अपमान वाटलं. मग त्यांना वडिलांची होडी आठवली. पावसाआधी होडी वर ओढली की वडील तिच्या लाकडाला आणि खिळ्यांना मुशीचं तेल चोपडत. मुशी म्हणजे लहान शार्क, तिच्या यकृताचं तेल. चार महिने पाऊस पडला तरी खिळ्यावर गंजाचा ठिपका नाही. येसूआत्याच्या फडताळात त्या तेलाची एक बाटली अजून होती.

"वास येतो रे त्याला," आत्या म्हणाली.

मयेकरांनी बाटली नाकाशी धरली. "कुठे येतोय?"

आत्यानेही हुंगून पाहिली. "मला पण नाय येत. पण लोक म्हनत."

मिरकरवाड्यात जन्म काढलेली ही दोन नाकं. त्यांनी त्या तेलाला निर्दोष ठरवलं. मयेकर सकाळ-संध्याकाळ पटराला तेल लावून मुरवू लागले. दांड्याला, डोक्याला, रबराच्या मुठीलासुद्धा. रेणुका मंडणगडची, डोंगरातली. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "अहो, कपाटात काहीतरी मेलंय." मयेकर म्हणाले, "तुला लग्न झाल्यापासून या घरात वास येतोय." हे खरं होतं. तिने आपल्या साड्या तेवढ्या दुसऱ्या खोलीत हलवल्या.

सामन्याचा दिवस उजाडला. शितोळे पत्नीसह आले, वेदिका आणि चिराग आले. आत्यालाही कातळापर्यंत आणून सपाट सड्यावर खुर्ची टाकून बसवलं. मैदान हातखंब्याच्या अलीकडेच होतं. क्लबाचे सगळे सभासद हजर. कप्तानांचा खरा पटर बॉलला लागणार, ही बातमी अशी होती की साळवी सरांनी घरचा भात तसाच टाकून पिंपासकट यायचं बाकी ठेवलं होतं.

शितोळ्यांनी आपला पटर काढायला सुरुवात केली. आधी एक चामड्याचं टोपरं, त्याच्या आत लोकरीचं, त्याच्या आत बाळाचा मोजा. मग एक ओला टॉवेल, एक कोरडा टॉवेल, दात घासायचा मऊ ब्रश. रत्नागिरीकर सभासद आदराने पुढे सरकले.

"मोजा कुठल्या वयाचा?" हितेशभाईंनी विचारलं.

"तीन ते सहा महिने," शितोळे म्हणाले. "चिरागचाच आहे."

चिरागने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

मग मयेकरांनी टोपरं काढलं. शितोळ्यांनी एकदम मान वळवली. "समुद्र फारच जवळ आहे वाटतं इथून."

"वाऱ्यावर अवलंबून," मयेकर म्हणाले.

पहिला होल शितोळ्यांनी जिंकला. मयेकर बॉल मारतच नव्हते, त्याला नमस्कार केल्यासारखा पटर टेकवत होते. बॉल हातभर जाई आणि थांबे. प्रत्येक स्पर्शानंतर ते पटर उलटा करून तळ न्याहाळत, पुसत, मग पुढचं पाऊल. पहिला होल संपेपर्यंत चहाची एक फेरी झाली.

दुसऱ्या होलाला मांजर आलं. राखणदार भिवाच्या खोपटातलं, तांबडं. ते मयेकरांच्या पायाशी बसलं आणि पटराकडे अशा काही भक्तीने बघू लागलं की क्लबातल्या एकाही सभासदाने तसं पाहिलं नसेल. पाठोपाठ काजूच्या बागेतून दोन आली. एक कुठून आलं ते कोणीच पाहिलं नाही. वर घारी फिरायला लागल्या.

"भिवा, ही मांजरं कशी काय आली?" मयेकरांनी विचारलं.

"मला काय म्हाईत सायेब. रोज बोलावतो तवा येत नाय." भिवाने हुंगल्यासारखं केलं. "कोनी मासळीचा बाजार आनलाय काय बरोबर?"

शितोळे फटका घेणार तेवढ्यात तांबड्या मांजराने मयेकरांच्या पटराचा दांडा चाटायला सुरुवात केली. खरखरीत जिभेचा आवाज शांत कातळावर स्पष्ट ऐकू येत होता. शितोळ्यांचा हात हलला, बॉल होलाला वळसा घालून निघून गेला. दुसरा होल मयेकरांना मिळाला.

"हे खेळात बसतं का?" शितोळ्यांनी रुमाल नाकाला लावून विचारलं.

"जनावराने बॉल हलवला तरच नियम आहे," साळवी सर म्हणाले. "चाटण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

भिवाने घरातून सुके बोंबील आणून मांजरांना बाजूला नेलं. घारी राहिल्या.

तिसऱ्या होलावर सगळं येऊन थांबलं. शितोळ्यांनी चार फटक्यांत बॉल घातला. मयेकरांचे दोन झाले होते आणि बॉल होलापासून तीन हातांवर होता. घातला तर तिसऱ्यात, म्हणजे लग्न रत्नागिरीत. नाही घातला तरी अजून एक फटका होता, पण तेव्हा फार तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर वधूपिता पाहुण्यांचं ऐकतो, ही रीत.

मयेकर वाकून बॉलपाशी गेले आणि तसेच वाकलेले राहिले.

बॉल वाळूच्या कडेला, एका जांभ्याच्या टेंगळाला लागून बसला होता. टेंगूळ जमिनीतूनच वर आलेलं, उचलून फेकण्यासारखं नव्हतं. पटर मागे नेऊन पुढे आणायचा तर तळ त्या दगडावरून घासत जाणार. आरशासारखा तळ. जांभा म्हणजे कानसच.

शितोळे आले, तेही वाकले. दोघं व्याही शेजारी शेजारी वाकून बघत राहिले.

"अरेरे," शितोळे म्हणाले. मनापासून म्हणाले.

"हो ना."

"बॉल उचला. दंडाचा एक फटका पडेल, पण पटर वाचेल. मी असतो तर उचलला असता."

"उचलला तर बरोबरीच होईल, तीही होल साधला तर."

"पुण्याचं कार्यालय चांगलं आहे हो. एसी आहे. पटर ठेवायला लॉकर आहेत."

मयेकरांनी लॉकरचा विचार केला, हे इथे नमूद करायला हवं.

"टोपरं घालून मारलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

शितोळ्यांनी बराच विचार केला. "मला चालेल. पण टोपरं गोल आहे. बॉल कुठेही जाईल."

तेही खरं होतं. पहिल्यांदाच आपलं दुःख समजणारा माणूस भेटला होता, आणि नेमका तो व्याही निघाला होता. मयेकर सरळ उभे राहिले, परत वाकले, टोपरं अर्धं घातलं, काढलं. वेदिका आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

आत्याला ऊन लागत होतं. तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "काय करतोय गो तो?"

"बॉल मारायचाय आत्याआज्जी, त्या भोकात."

"मग मार ना रे हर्षा," आत्या लांबूनच म्हणाली. "एवढा उलटासुलटा करून काय बघतोस? पापलेट हाय काय?"

रेणुका शेजारी उभी होती. ती हसली नाही. "अहो," ती एवढंच म्हणाली, "आत्यांना घरी न्यायला उशीर होतोय."

मयेकरांनी पटर मागे नेला. मग असा आवाज झाला की साळवी सरांनी दातांवर दात दाबून धरले; पाटीवर नख ओढल्यासारखा, पण लांब. बॉल कुठे गेला ते मयेकरांनी पाहिलंच नाही. त्यांनी पटर उलटा केला होता आणि तळ बघत होते. बॉल होलात गेल्याचं त्यांना लोकांच्या टाळ्यांवरून कळलं, तेही जरा उशिराने.

चरा बोटाएवढा होता. तिरपा, तांबूस धूळ बसलेला.

शितोळे पुढे आले. त्यांनी अभिनंदन केलं नाही. चष्मा काढून चरा पाहिला, नखाने हलकेच चाचपला आणि मयेकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "खोल नाही," ते म्हणाले. "वाटतो तेवढा खोल नाही."

"त्याला काही कळलं नसेल," हितेशभाई म्हणाले. "एका झटक्यात झालं."

सगळे टोप्या काढून उभे होते. आत्याने वेदिकाला विचारलं, कोण गेलं. कोणी नाही आत्याआज्जी, लग्न आपल्या अंगणात ठरलं, असं वेदिकाने सांगितल्यावर आत्या म्हणाली, मग हे असे का उभे आहेत.

संध्याकाळी सभासद मयेकरांच्या घरी भेटायला आले. दोघा-तिघांच्या गटाने येत, दारात चपला काढत, थोडा वेळ गप्प बसत, मग पटर मागवून तळ बघत आणि उठत. शितोळ्यांनी पुण्यातल्या एका कारागिराचा नंबर दिला. तो घासून चरा काढून देतो, म्हणाले, पहिल्यासारखा आरसा करतो. मयेकरांनी नंबर लिहून घेतला. दोन दिवसांनी पटर पाठवायचा असं ठरलंही.

पण दुसऱ्याच दिवशी लग्नाची आमंत्रणं सुरू झाली, आणि प्रत्येक घरी प्रश्न एकच: पुणेकरांनी इकडे लग्न कसं कबूल केलं? मयेकर तो प्रसंग सांगत. सांगता सांगता पुरावा म्हणून पटर उलटा करत. चौथ्या घरापर्यंत जांभ्याचं टेंगूळ गुडघ्याएवढं झालं होतं. मालगुंडला रेणुकाच्या मावसभावाकडे गेले तेव्हा ते कमरेएवढं होतं आणि होल तीन हातांवरून तेरा हातांवर गेला होता. पुण्याच्या कारागिराला कोणी फोन केला नाही.

मग एक दिवस मयेकरांच्या लक्षात आलं की लोक चऱ्यावरून बोट फिरवतात. रोज दहा बोटं. अशाने तो बुजत जाईल. त्यांनी रेणुकाकडून बिनरंगी नेलपॉलिश मागून घेतलं आणि चऱ्यावर पातळ हात दिला. त्यावर काच पुसायचा मऊ कपडा, त्यावर टोपरं. चऱ्याकडे बोट दाखवायचं, पण लावायचं नाही, असा नियम झाला.

क्लबात याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील. साळवी सरांनी पिंपातून आपला खरा पटर काढून उजेडात धरला, आणि तो त्यांना प्रथमच ओकाबोका वाटला. एका दुपारी मैदानावर कोणी नाही असं बघून ते तिसऱ्या होलाच्या त्या टेंगळापाशी गेले, तर तिथे हितेशभाई आधीच वाकलेले.

"बॉल शोधतोय," हितेशभाई म्हणाले.

"मी पण," साळवी सर म्हणाले. दोघांच्याही हातात पटर होते. बॉल कोणाकडेच नव्हता.

लग्न अंगणात झालं. मांडवाला नारळीची झापं होती, पुण्याच्या पाहुण्यांसाठी पंखे होते आणि जेवणात दोन्हीकडच्या पंगतींची सोय होती. येसूआत्या पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. तिने लग्न पाहिलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तिला झोप लागली होती आणि अक्षता तिच्या पदरात पडून राहिल्या. पण झोपली ती पहिल्या रांगेत. मयेकर अधूनमधून मुलीकडे बघायचे सोडून तिच्याकडेच बघत होते. त्यांनी एकदा डोळे पुसले, आणि रुमालाला मुशीच्या तेलाचा वास येत होता म्हणून शेजारच्या पुणेकरानेही पुसले.

पाठवणी झाली. गाडी सुटण्याआधी शितोळे मयेकरांना बाजूला घेऊन गेले.

"मयेकरसाहेब, एक बोलायचं होतं. पुढेमागे बारसं होईल. ते पुण्यात करू या का?"

"रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी," मयेकर म्हणाले. "बारसं इथेच."

"मग तीन होल खेळू. तुमच्याच मैदानावर." शितोळ्यांचे डोळे चमकत होते. "मी या खेपेला त्या दगडाच्या बाजूने खेळीन म्हणतो."

मयेकरांनी घराकडे, बेडरूमच्या खिडकीकडे एक नजर टाकली.

"खेळू की," ते म्हणाले. "पण मी घासायचा पटर आणीन हां. खऱ्याला आता हात लावायचा नाही. त्याचा चरा खराब होईल."